वगळलेले दोन महिने

गीताबाईंची सासू सवाष्ण गेली, त्यामुळे दर पितृपक्षात अविधवा नवमीला तिच्या नावानं एक सवाष्ण जेवू घालायची, हा घरचा नेम होता. या खेपेला भावकीतली वर्षाराणी बोलावली होती. ती पाटावर बसली होती, गीताबाई वाढत होत्या आणि सून वैष्णवी चुलीपाशी वडे तळत होती.

"घे की गं, लाजायलीस कावून? आमच्या आत्याबाई जाताना पोटभर जेवून गेल्या. तू उपाशी उठलीस तर त्या मलाच धरतील."

"काकू, पोट हाय का पोतं?" वर्षाराणीनं ताटावर हात आडवा धरला, तरी वडा पडलाच. "तुमची सून लई गुणाची बगा. औंदा महालक्ष्म्यात मी बाजूला बसले, तर आमच्या म्हातारीनं आठ दिस तोंड फुगवलं. हरिओमच्या मेडिकलात गोळ्याच संपलत्या."

"आधी आणाव्यात. मी तर पोळ्यालाच आणून ठिवते." गीताबाईंचा आवाज चढला. कौतुकाचं बोलायचं असलं की त्यांचा आवाज असाच चढायचा. "आमच्या वैष्णवीचं बग. चैतात सप्ता झाला. मग धाकटीचं लगीन. मग नव्या घराची वास्तुशांत. श्रावणात सत्यनारायण. अन् आता महालक्ष्म्या. एका कार्याला बाजूला बसली न्हाई! येळेवर गोळ्या खाती, कुरकूर न्हाई, काय न्हाई."

वैष्णवीच्या हातातला झारा तेलातच राहिला.

सप्ता, लग्न, वास्तुशांत, सत्यनारायण, महालक्ष्म्या. तिनं पुन्हा मनातल्या मनात म्हटलं. पाच कार्यं, पाच महिने. वडा करपल्याचा वास आला तसा तिनं तो काढला आणि ओट्यावर हात टेकून उभी राहिली.

वैष्णवी आष्टीकडची. सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. झालेली, लग्न होऊन तीन वर्षांमागे युसूफ वडगावजवळच्या या गावात आलेली. गेल्या वर्षी सीझर होऊन ईश्वरी झाली. टाके पिकले, महिनाभर ताप राहिला आणि डॉक्टरांनी बजावलं, दोन वर्षं तरी दुसरं नको. आता अंबाजोगाईला, बियाणं तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत तिला नोकरी लागली होती. दसऱ्यानंतरच्या सोमवारी रुजू व्हायचं होतं. सासरे सुंदरराव, म्हणजे घरातले आप्पा, आधी 'न्हाई' म्हणाले, मग चार दिवस गप्प राहिले, मग एकदा चहा पिता पिता म्हणाले, "जा. पण पोटुशी राहिलीस तर घरीच. इकडं सीझरचं पोट अन् तिकडं यष्टीचे धक्के, हे मला चालायचं न्हाई." सुंदरराव एकदा बोलले की ते घरातला दगड व्हायचे; हलवायला कुणी जात नसे.

म्हणून वैष्णवी मोजत होती. पोरीचं अंगावरचं दूध कमी झालं, पाळी सुरू झाली, तेव्हापासून ती आणि तिचा नवरा अंगद नैसर्गिक पद्धतीवर होते. सर्वांत लहान चक्रातून अठरा वजा करायचे, सर्वांत मोठ्या चक्रातून अकरा. मधले दिवस जपायचे, बाकीचे मोकळे. तिचं गणित सांगत होतं की तेराव्यापासून तेविसाव्या दिवसापर्यंत जपायचं. निरोध आणायचा तर हरिओमच्या मेडिकलमधून, आणि हरिओम अंगदच्या वर्गातला. "सांच्याला पारावर माझीच चर्चा असल," असं अंगद म्हणायचा. रोजच्या गोळ्या वैष्णवीलाच नको होत्या. शरीरात बाहेरचे हार्मोन कशाला घालायचे?

आणि ते हार्मोन ती सप्त्यापासून खात आली होती. पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या दुसऱ्या कशाच्या असतात? दिवसातून तीन, कार्याच्या चार दिवस आधीपासून कार्य उरकेपर्यंत. घरात त्यांना कुणी औषध म्हणत नसे. सोवळ्याचं लुगडं नेसावं तशा त्या खायच्या. म्हणून मोजताना त्या तिच्या डोक्यात आल्याच नाहीत. एकतीस, तेहतीस, चौतीस, असे लांबत गेलेले महिने तिनं आपले म्हणून धरले होते. आणि त्याआधीचे, पाळी नुकतीच परत आली तेव्हाचे दोन महिने? ते सव्वीस आणि अठ्ठावीस दिवसांचे निघाले होते. 'पाळी अजून बसलेली नाही, हे धरायचे नाहीत,' म्हणून तिनं ते शिस्तीत वगळले होते.

खरे होते ते तेवढेच दोन.

सव्वीसातून अठरा गेले, राहिले आठ. म्हणजे आठव्या दिवसापासून जपायला हवं होतं. आज बारावा होता. आणि मंगळवारी रात्री... आणि परवाही.

"वैष्णवे, कढी आण की! सवाष्ण कोरडा भात खायलीय."

तिनं कढी नेली. वाढताना वाटीबाहेर सांडली. वर्षाराणी हसून म्हणाली, "वहिनी, ध्यान कुठं हाय? दादा तर दुकानात हायेत." गीताबाईही हसल्या. वैष्णवीनंही हसल्यासारखं केलं आणि फडक्यानं पाट पुसला, पुसलेला पुन्हा पुसला.

ती आत येऊन पाणी प्यायली. न्हाणीत जाऊन उगाच तोंडावर पाणी मारलं. बाहेर आली तर काय करायचं ते सुचेना, म्हणून झोपलेल्या ईश्वरीची दुपटी घडी करत बसली. अंगात कुठं काही जाणवतं का, म्हणून लक्ष देऊ लागली, आणि आपल्याच वेडेपणाचा तिला राग आला. चार दिवसांत काय जाणवणार? तरीही हात ओटीपोटावर जात होता, जुन्या टाक्यांच्या रेघेपाशी.

वर्षाराणी ओटी घेऊन गेली, तशी वैष्णवीनं पोरीला उचललं.

"आत्या, इशूला डोसाला नेऊन आणते."

"आज? नवमीच्या दिवशी लेकराला सुई?"

"उद्या रविवार आहे. बंद असतं."

"मग सोमवारी ने."

"आजच बोलावलंय," असं म्हणून ती चपला घालून बाहेर पडलीसुद्धा. गीताबाई मागून काहीतरी म्हणाल्या. तिनं ऐकलं नाही असं ठरवलं.

उपकेंद्र गावाच्या शेवटाला, पाण्याच्या टाकीच्या पलीकडं होतं. तिथली आरोग्य अधिकारी पंचशीला ही परळीकडच्या धर्मापुरीची. अकरावी-बारावीला दोघी अंबाजोगाईच्या वसतिगृहात एका खोलीत राहिलेल्या. पुढं एक नर्सिंगला गेली, एक बी.एस्सी.ला, आणि नशिबानं दोघी याच गावात येऊन पडल्या. एकीला लग्नानं आणलं, दुसरीला नेमणुकीनं. सुंदररावांच्या घरात पंचशीला ओसरीपर्यंत यायची, तिथंच चहा प्यायची. दोघी त्यावर कधी बोलल्या नव्हत्या.

"अगं ये! नवमीचा वडा आणलास का मोकळीच आलीस?"

"पंचे, मी चुकले गं."

पंचशीलानं डबा बाजूला सारला, दार लोटलं आणि ऐकून घेतलं. वैष्णवी बसली नाही. टेबल आणि खिडकीच्या मधे फेऱ्या मारत, कडेवरची पोर या बाजूची त्या बाजूला करत तिनं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "आकडे मला पाठ आहेत, ते सांगू नको. शंभर जोडपी, एक वर्ष. नुसती मोजून राहणारी असली तर पंधरा-वीस बायका गरोदर राहतात. निरोधाला तेरा. रोजच्या गोळ्यांना सात. तीन महिन्यांच्या इंजेक्शनला चार. कॉपर-टीला एकसुद्धा पुरती नाही."

"पाठ हाय अन् तरी?"

"मला वाटायचं, त्या वीस म्हणजे ज्यांना वजाबाकी येत नाही त्या."

पंचशीला हसली. "अन् मी? मी त्या तेरातली हाय. आमच्या जीवननं रामाच्या भरवशावर... म्हणजे रबराच्या भरवशावर काढलं सगळं, अन् झाला आमचा धाकटा. नर्सबाईला! माझी सासू अजून म्हणती, सरकारी माल तो, असाच असायचा."

वैष्णवीला हसू आलं आणि लगेच डोळ्यांत पाणी. पोर आईचं तोंड बघून रडायच्या बेतात आली, तशी पंचशीलानं तिच्या हातात गुंडाळपट्टी दिली.

"पहिल्यांदा कधी म्हणालीस?"

"मंगळवारी रात्री."

"मग ती तातडीची गोळी गेली. तिचं तीन दिवसांतच खरं." पंचशीलानं बोटांवर हिशेब केला नाही, भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. "कॉपर-टी चालती. पाच दिवसांच्या आत बसवली की झालेलं रुजू देत न्हाई, अन् पुढची दहा वर्षं तशीच राहती. रक्तस्राव पहिले काही महिने जास्त होईल, पोट दुखेल, हे आधीच सांगते. तुपलं सीझर होऊन वर्ष उलटलंय, बसवता येती. सामान उकळून ठेवलेलं हाय."

"मग बसव."

पंचशीला उठली नाही.

"काय झालं?"

"वैष्णे, कायद्यानं तुपली एकटीची सही पुरती. मला कुणाला विचारायचं न्हाई. पण मागच्या महिन्यात एका बाईला बसवली. दुसऱ्या दिवशी नवरा, सासू अन् दोन पुढारी या दारात. 'काढ म्हणजे काढ.' टेबल उलटं केलं. ती तर साधी माणसं होती." ती थांबली. "तू सुंदररावांची सून हायस. मी भीमनगरात भाड्यानं राहते. मी तुला न्हाई म्हणायली न्हाई. तू म्हणशील तर आत्ता बसवते. पण अंगदच्या कानावर घाल. त्यानं उद्या 'मला म्हाईत न्हवतं' असं म्हणू नये, एवढंच."

"आणि तो नको म्हणाला तर?"

"तरी ये. पाचपर्यंत हाय मी. उद्या रविवार, परवा बीडला मीटिंग."

गरोदर आहे का ते आधी बघायला हवं होतं. चाचणीच्या पट्टीवर एकच रेघ आली. ती येणारच होती, चार दिवसांत दुसरं काय दिसणार? तरी वैष्णवी त्या एका रेघेकडं दोन रेघा दिसेपर्यंत बघत राहिली.

अंगदचं कृषी सेवा केंद्र युसूफ वडगावच्या बाजारात होतं. टमटममध्ये बसली तर टमटम भरेपर्यंत हलेना. ड्रायव्हर म्हणाला, "वहिनी, आणखी दोन शिटं." त्या दोन शिटांची वाट बघताना तिनं सारखी मान वळवून मागं बघितलं, ओढणीचं टोक पिळलं, सोडलं, पुन्हा पिळलं. पोर झोपून गेली.

दुकानात रामकिसन नावाचा एक शेतकरी हरभऱ्याच्या पिशव्या उलट्यासुलट्या करत होता. बायकोला अशी अवेळी दारात बघून अंगद गल्ल्यावरून उठलाच.

"काय झालं? आईला काय झालं का?"

"कुणाला काही नाही. आत चला जरा."

खताच्या पोत्यांमागं, युरियाच्या वासात, पोरीला खांद्यावर टाकून तिनं त्याला सांगितलं. तो ऐकताना सारखा पडद्याच्या फटीतून बाहेर बघत होता.

"राहिलं तर राहिलं," तो शेवटी म्हणाला. "येवढं काय आभाळ कोसळायलंय? आई तर नारळ फोडील."

"तुमच्यावर नाही कोसळणार."

तो पोत्याला टेकला.

"ते टाके पिकले होते तेव्हा तुम्हीच मला धरून न्यायचात," ती म्हणाली. "विसरलात का?"

"न्हाई." त्यानं पोत्याची शिवण नखानं उकरली. "पण कॉपर-टी वर चढती म्हणत्यात. आईच्या मावसबहिणीच्या पार छातीत गेलती."

"तिथून छातीत जायला रस्ताच नाही हो."

"अन् आपलं नैसर्गिक बिनधोक हाय असं तूच म्हणालतीस. पुस्तकात हाय म्हणून दावलंतंस मला."

"दाखवलं होतं. चुकले मी." हे म्हणायला तिला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं. "सोयाबीनच्या पिशवीवर उगवण किती लिहिलेली असते?"

"सत्तर टक्के. त्याचं काय?"

"आणि मृगानंतर भांडायला कोण येतं?"

अंगदनं पडद्याबाहेर मान काढून खात्री केली आणि हळू आवाजात म्हणाला, "हाच रामकिसन. चार बोटं खोल पेरतंय, पाऊस पडायच्या आधी पेरतंय, अन् मला शिव्या घालतंय."

"बियाणं खोटं नसतं. पण पिशवीवरचा आकडा तपासणाऱ्याच्या टेबलावरचा. रानात पेरणाऱ्याच्या हाताला जेवढं जमेल तेवढंच उगवतं. मोजायचंही तसंच. पाळी नेमकी, कुणी आजारी नाही, जागरण नाही, कसली गोळी नाही, अशा बाईला ते बऱ्यापैकी जमतं. आपल्या घरात जवळजवळ दर महिन्याला कार्य. मी गोळ्या खाते आणि वर निसर्गाचा हिशेब करते."

"अन् कॉपर-टीला?"

"तिला आपल्या हाताशी देणंघेणंच नाही. एकदा नीट बसली की आपण काही विसरायचं, चुकायचं शिल्लक राहत नाही. म्हणून तिचा टेबलावरचा आकडा आणि रानातला आकडा जवळजवळ एकच."

अंगदला हे पटलं. ते त्याच्या धंद्यातलं होतं. पण पटलं म्हणजे संपलं असं नव्हतं. तो मागं-पुढं झाला.

"आप्पाला कळलं तर?"

"कळेल."

"मला इचारायलीस का सांगायलीस?"

तिनं पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. बाहेर रामकिसन ओरडला, "ओ शेठ! गिऱ्हाईक म्हातारं व्हायलंय हितं!"

"सांगतेय," ती म्हणाली. "साडेतीन वाजलेत. पंचशीला पाचला कुलूप लावते. तुम्ही आलात तर बरं वाटेल. नाही आलात तर मी टमटमनं जाते. पण ते टमटम भरल्याशिवाय हलत नाही हो."

कशानं कोण जाणे, पण या शेवटच्या वाक्यानं तिचा आवाज फुटला. अंगदनं तिच्याकडं बघितलं, मग पडदा सारला.

"रामकिसन, उद्या ये बे."

"उद्या रविवार हाय!"

"मग सोमवारी ये. हरभरा पेरायला लई टाइम हाय. अन् ह्या टायमाला ओल बघून पेर."

त्यानं शटर ओढलं.

ईश्वरीला मधे घेऊन दोघं गाडीवर निघाले. उपकेंद्रापाशी आल्यावर अंगदनं गाडी सावलीला लावायच्या निमित्तानं जरा लांब, टाकीमागं उभी केली. पंचशीला दारात होती. तिनं दोघांकडं बघितलं, अंगदला "बसा दाजी" म्हणाली आणि वैष्णवीला आत घेतलं. ईश्वरी बापाकडं राहिली.

आतली खोली लहान होती. टेबल, दिवा, एक हिरवा पडदा आणि रस्त्याकडं उघडणारी, कागद चिकटवून झाकलेली खिडकी. पंचशीला हातमोजे घालताना सांगत होती, की आता हे करते, मग ते करते, दुखलं तर सांग, ढेकर देऊ नको, हसू नको. वैष्णवी छताकडं बघत होती.

"नवरात्रात गोळ्या?" पंचशीलानं विचारलं.

"नाही खाणार."

"मग बाजूला बसशील."

"बसेन."

"सासू?"

"बोलेल."

खिडकीबाहेर मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला. मग खोकला. तो खोकला वैष्णवीनं ओळखला, गावात सगळेच ओळखत. बबनराव, सुंदररावांचे जिवलग. सकाळचा चहा यांच्याकडं, दुपारचा त्यांच्याकडं.

"अंगद? अन् हितं कावून बसलास रे पायरीवर? पोरगी आजारी हाय का?"

'डोसाला आणलीय' म्हटलं की विषय संपणार होता. वैष्णवीनंही घरी तेच सांगितलं होतं. पंचशीलाचे हात थांबले.

बाहेर अंगदची चप्पल पायरीवर घासली. ईश्वरी काहीतरी बडबडली.

"न्हाई काका," अंगदचा आवाज आला. नेहमीपेक्षा मोठा होता, आणि जरा चिरका. "पोरगी बरी हाय. वैष्णवी आत हाय. कॉपर-टी बसवायलाव."

"काय?"

"कॉपर-टी, काका. इतक्यात दुसरं नको म्हणून. मीच आणलंय तिला."

बबनराव पुन्हा खोकले. "असं. बरं. बरं बरं." गाडीला किक मारल्याचा आवाज आला, गाडी काही सुरू झाली नाही. दुसरी किक. तिसरी. अंगद म्हणाला, "मी मारू का काका?" "नको नको, हुतीय की!" आणि एकदाची ती सुरू झाली आणि घाईघाईनं गावाकडं गेली.

"मीच आणलंय म्हणे," पंचशीला पुटपुटली. "आता दिवा लागायच्या आत तुपल्या सासऱ्याला कळतंय बग."

"कळू दे." वैष्णवीनं डोळे मिटले. सुंदरराव काय म्हणतील, ते तिला आत्तापासून ऐकू येत होतं. पण त्याहून खालच्या आवाजात दुसरंच काहीतरी डोक्यात फिरत होतं. मंगळवार, परवा, सव्वीस, आठ. थांबवलं तरी थांबत नव्हतं.

"पंचे, शंभरात किती म्हणालीस?"

"तूच म्हणालीस. एकापेक्षा कमी."

"ती एक कोण असते गं?"

"वैष्णे," पंचशीला दिव्याखाली वाकत म्हणाली, "हलू नको."